मादीचं नाव मुलांवरून: कर्वेनगरातल्या चिलटांच्या नोंदी

८ सप्टेंबर

सीताफळं आली की आमच्या स्वयंपाकघरात चिलटं होतातच. यंदा त्यावरून सोसायटीच्या बैठकीत वाद झाला. इमारतीच्या मागे ओल्या कचऱ्याचे दोन खतखड्डे आहेत. तळमजल्यावरच्या तीन घरांचं म्हणणं असं की सगळी चिलटं तिथूनच येतात, तेव्हा खड्डे बुजवा. ते खड्डे आम्ही चार वर्षं जपलेत. म्हणून मी विचारलं, घरातलं चिलट आणि खड्ड्यातलं चिलट एकच आहे हे कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. बीएस्सी प्राणिशास्त्रात झालं त्याला बावीस वर्षं झाली, नोकरी बँकेत. वेळ मिळणार तो रात्री जेवणं उरकल्यावर आणि रविवारी.

या नोंदी दुसऱ्या कुणाला असंच करायचं असेल तर त्यांच्यासाठी. काय चुकलं ते मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

११ सप्टेंबर

पहिला सापळा लावला. काचेच्या ग्लासात पिकलेल्या केळ्याचा तुकडा, दोन चमचे व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब. सकाळपर्यंत चाळीसच्या आसपास चिलटं बुडाली होती. बघितली तर सगळी निरुपयोगी. साबणाच्या पाण्याने अंगावरचे राठ केस चिकटून बसतात, पंख एकमेकांना लागतात, आणि ओळख पटवायची ती नेमकी त्याच केसांवरून. चिलटं कमी करायची असतील तर हा सापळा चांगला, ओळखायची असतील तर अजिबात लावू नका.

त्यानंतर कोरडा सापळा केला. बाटलीत केळं, तोंडाला कागदाचं नरसाळं, नरसाळ्याच्या टोकाला चिलट जाईल एवढंच भोक. ती आत जातात, पण त्यांना परत वाट सापडत नाही.

१५ सप्टेंबर

एक आठवडा आणि चारशे ऐंशी रुपये वाया गेले. शेतीसाहित्याच्या दुकानात ‘फळमाशीचा सापळा द्या’ म्हटलं, त्यांनी मिथाइल युजेनॉलची वडी असलेला गंधसापळा दिला. खिडकीत टांगला. एकही चिलट फिरकलं नाही.

चूक दुकानदाराची नव्हती, शब्दाची होती. आंबा-पेरूच्या बागेतली फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. ती घरमाशीएवढी, गांधिलमाशीसारखी पिवळी-तपकिरी, कुळ टेफ्रिटिडी. मिथाइल युजेनॉलला तिचे नर भुलतात. केळ्यावर घोंघावणारं दोन-तीन मिलिमीटरचं लाल डोळ्यांचं चिलट ड्रॉसोफिलिडी कुळातलं, त्याला त्या वासाचं काही नाही. आपल्याकडे दोघींना फळमाशीच म्हणतात. इथून पुढे मी घरातल्यांना चिलटंच म्हणणार.

२१ सप्टेंबर

पाहायचं कशाने, यावर तीन प्रयत्न झाले.

पहिला, मोबाइलला जोडायचा यूएसबी मायक्रोस्कोप, साडेचौदाशे रुपये. डबीवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. प्रत्यक्षात चिलट मोठं दिसतं, पण धूसर. केस मोजता येत नाहीत. दुसरा, सोनाराचं दहापट भिंग, रविवार पेठेतून, दोनशे साठ. हे भिंग मात्र शेवटपर्यंत रोज कामाला आलं. तिसरा, जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप, एका बंद झालेल्या क्लासकडून साडेनऊ हजारांना. मोठा खर्च तेवढाच. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडचा टोकदार चिमटाही घेतला, तो नसता तर पुढचं काही जमलं नसतं.

आता घरातल्या आणि खड्ड्यातल्या चिलटांचे ढीग लावले. एकूण चार प्रकार निघाले, आणि त्यातले तीन ड्रॉसोफिला नव्हतेच. एक काळसर, पाठीला कुबड असलेली, उडण्यापेक्षा धावणारी. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा, बाकीच्या अगदी फिक्या. ही फोरिडी कुळातली. दुसरी केसाळ, पतंगासारखी, पंख पसरून भिंतीला चिकटून बसणारी, पंखांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके. ही न्हाणीघरातली क्लॉग्मिया. तिसरी काडीसारखी बारीक, काळी, लांब पायांची, तुळशीच्या कुंडीतल्या ओल्या मातीतून येणारी, सायरिडी कुळातली. चौथा ढीग लाल डोळ्यांचा.

लाल डोळे दिसले म्हणून मी वहीत सरळ ‘ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर’ लिहून टाकलं. कॉलेजात तेवढंच एक नाव शिकवलं होतं. ही या कामातली सगळ्यात महागडी चूक.

२ ऑक्टोबर

सुटी होती, म्हणून महिनाभराच्या कुप्या पुन्हा बघायला काढल्या. अकरा कुप्यांवरची नावं गेलेली. मी चिठ्ठी बॉलपेनने लिहून कुपीत टाकली होती, अल्कोहोलमध्ये शाई विरघळली, पाणी निळसर झालं आणि कागद कोरा. कोणती कुपी कुठल्या घरातली, कोणत्या फळावरची, सगळं गेलं. अकराच्या अकरा फेकल्या. आपल्याला आठवतंय असं वाटलं तरी अंदाजाने चिठ्ठी लिहू नका.

आतली चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. तारीख, जागा, फळ, पकडणाऱ्याचं नाव. आणि हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यातल्या ग्लिसरीनचा पातळ थर चिलटावर बसतो. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाणी घालून सत्तर टक्क्यांवर आणलं की चालतं. अल्कोहोलमध्ये डोळ्यांचा आणि अंगाचा रंग हळूहळू उतरतो, म्हणून रंग जिवंतपणीच वहीत लिहून ठेवायचा.

५ ऑक्टोबर

लाल डोळ्यांचा ढीग नीट बघायला घेतला आणि माझी खात्री ढासळली. कुळ पक्कं होतं. पंखाच्या पुढच्या शिरेला दोन ठिकाणी खाच, डोक्यावरच्या मिशीला पिसासारखा फाटे फुटलेला केस. पण आत सरसकट सारखेपणा नव्हता. काही गडद, काही मधाच्या रंगाच्या, काहींच्या पोटाचं टोक काळं कुळकुळीत.

माद्या तर एकमेकींच्या सावल्या. तीन रात्री त्यांच्यावर घालवल्या, हाती काही लागलं नाही.

शेवटी कॉलेजातल्या झूऑलॉजीच्या सरांना फोन केला. आता ते निवृत्त आहेत, पौडफाट्याजवळ राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, मादीवरून नाव ठेवायला जाऊ नकोस. तिला एकटीला बाटलीत ठेव, मुलं होऊ दे. मुलगे बघ, मग आईचं नाव कळेल.”

मी विचारलं, “पण सर, तिला नर कुठून आणू?”

“आणायचा नाही. पकडलीस तेव्हाच बहुतेक तिचं मिलन होऊन गेलेलं असतं. शुक्राणू साठवून ठेवते ती.”

११ ऑक्टोबर

बाटल्यांतल्या चिलटांचं खाद्य. सरांनी सांगितलेलं प्रमाण असं: एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम रवा, शंभर ग्रॅम गूळ, दहा ग्रॅम अगार (खाद्य घट्ट धरायला) आणि साडेसात मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल (बुरशी रोखायला). मी निम्मं केलं. गूळ पाण्यात उकळायचा, अगार आणि रवा घालून शिऱ्यासारखं ढवळत राहायचं, दाट झालं की बाटल्यांत दोन बोटं ओतायचं. गार झाल्यावर वर ओल्या यीस्टचा ठिपका. तोंडाला कापसाचा बोळा.

चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्यांवर हिरवी-काळी बुरशी. आम्ल घातलं होतं, तरीही. कारण नंतर कळलं: ते मी उकळत्या पातेल्यात ओतलं होतं. त्या उष्णतेत त्याचा बराचसा भाग वाफेबरोबर उडून गेला. स्वयंपाकघरात जो नाक झोंबणारा वास भरला होता तोच तो. गॅस बंद करून, हाताला पातेलं सोसवेल इतपत निवल्यावर आम्ल घालायचं, आणि लगेच बाटल्यांत ओतायचं, नाहीतर अगार पातेल्यातच धरतं. दुसऱ्या खेपेला एकाही बाटलीला बुरशी आली नाही. हे आम्ल हातावर सांडलं तर भाजतं. खिडकी उघडी ठेवा, घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात.

१८ ऑक्टोबर

बाटल्या बाल्कनीत ठेवल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन. दुपारी तिथे तेहतीस-चौतीस अंश. अंडी दिसली, थोड्या अळ्याही झाल्या, पण कोषापर्यंत फारशा पोचल्या नाहीत. जे तीन-चार नर निघाले त्यांच्यापासून पुढची पिढीच झाली नाही. तीस अंशांच्या वर सलग राहिलं की मेलानोगॅस्टरचे नर वांझ होतात. पंचवीसच्या आसपास ठेवलं तर अंड्यापासून चिलट व्हायला साधारण दहा दिवस लागतात.

आईंनी (माझ्या सासूबाई) उपाय सुचवला. पाण्याच्या माठाखाली असते तशी ओल्या वाळूची परात, त्यात बाटल्या, वरून ओलं फडकं, आणि परात घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, म्हणजे देवघराच्या मागच्या बोळात. तापमान सव्वीस-सत्तावीसवर आलं. दुसऱ्याच रात्री मुंग्या आल्या. मग परात स्टुलावर, स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, जसं पूर्वी दुभत्याच्या कपाटाला करायचे. त्यानंतर मुंगी आली नाही.

दिवाळीच्या साफसफाईत दोन बाटल्या खराब गूळ समजून टाकल्या गेल्या. बाटलीवर नुसता नंबर नको, ‘टाकू नये’ असंही लिहा.

१ नोव्हेंबर

बाटल्यांतून नवी पिढी निघाली. भुलीसाठी कॉलेजात ईथर असायचं. घरात ते नको, म्हणून बाटली फ्रीजरमध्ये तीन-चार मिनिटं ठेवते, मग बर्फाच्या ट्रेवर काच ठेवून तिच्यावर चिलटं ओतते. पहिल्या दिवशी मधेच बँकेतून फोन आला आणि पंचवीस मिनिटं गेली. बाटली क्रमांक २ पूर्ण मेली. आता गजर लावल्याशिवाय फ्रीजर उघडत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. कोषातून नुकतंच बाहेर आलेलं चिलट पांढुरकं असतं, पंखही नीट उघडलेले नसतात. पोटाचं काळं टोक तेव्हा दिसत नाही. मी अशा सहा जणांना ‘फिकी जात’ म्हणून वेगळं काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांसारखीच झाली. एक दिवसाचं होईपर्यंत थांबायचं.

बाटली ४ मात्र समजेना. पन्नासहून जास्त चिलटं आणि एकही नर नाही. सगळी मधाच्या रंगाची, टोक काळं कुणाचंच नाही. असं कसं होईल?

९ नोव्हेंबर

रविवारी बाटली ४ घेऊन सरांकडे गेले. त्यांनी भिंगाखाली दहा-बारा चिलटं फिरवली आणि त्यातली पाच बाजूला केली. “हे बघ तुझे नर.”

मी काळं टोक म्हणजे नर असं धरून चालले होते. ते मेलानोगॅस्टरला लागू आहे, सगळ्यांना नाही. ही ड्रॉसोफिला अनानासी. १८५८ मध्ये इंडोनेशियातल्या अँबोन बेटावरून हिचं वर्णन झालं, भारतात घराघरांत असते. हिच्या नराचं टोक काळं होत नाही. नर ओळखायचा तो पुढच्या पायावरून. तिथे काळ्या जाड केसांची फणी असते, मिलनाच्या वेळी मादीला धरायला. मादीला ही फणी नसते. आणि जातीजातीत फणी वेगळी असते.

एक चुकीची खूण धरली आणि आठवडाभर ‘नर नाहीत’ असं वहीत लिहीत राहिले. नर समोर होते.

१० ते २२ नोव्हेंबर

आता रोज रात्री फण्याच. पद्धत अशी बसली: नर गार करायचा, चिमट्याने पुढचा पाय मुळापासून काढायचा, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, वर झाकणकाच. थेंब मोठा झाला तर पाय तरंगून उभा राहतो आणि फणी आडवी दिसत नाही. सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. स्टिरिओखाली फणी आहे एवढं कळतं, दात मोजायला साधा कॉलेजचा मायक्रोस्कोप शंभरपटीवर लागतो. तो भाचीच्या कॉलेजात शनिवारी बसून वापरला.

पहिल्यांदा नीट दिसली ती मेलानोगॅस्टरची. पावलाच्या पहिल्या सांध्यावर एकच उभी ओळ, दहा-अकरा जाड काळे दात, अगदी लाकडी फणीसारखे. मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं. अनानासीची वेगळी: बारीक दातांच्या लहान आडव्या ओळी, एकाखाली एक, पहिल्या सांध्यावरून पुढच्या सांध्यांवर उतरत गेलेल्या.

बाटली ७ मध्ये दोन्ही निघाल्या. कारण घाईत त्या बाटलीत मी सहा माद्या एकत्र सोडल्या होत्या. बाटली बाद. एका बाटलीत एकच मादी, याला पर्याय नाही. कितीतरी माद्या अंडी न घालताच मरतात, म्हणून तिसांना ठेवलं तर वीस ओळी (एका मादीची संतती ती एक ओळ) हातात राहतात असं धरून चाला.

बाटली ९ आणि १२ सीताफळाच्या सालींवरून आलेल्या. नर गडद, पोटाचं टोक काळं चकचकीत. मी मेलानोगॅस्टर म्हणणार होते, पण पाय बघितला: पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही सांध्यांवर तिरक्या फण्या. हा बायपेक्टिनाटा गट. या गटात काळं टोक एकापेक्षा जास्त जातींना असतं, त्यामुळे नुसत्या रंगावर नाव देता येत नाही. सरांनी दात मोजले, नराच्या पोटाच्या टोकाची रचना उघडून पाहिली आणि मालेरकोटलियाना ठरवली. पंजाबातल्या मालेरकोटला गावावरून पडलेलं नाव. आमच्या सीताफळाच्या साली उचलून टाकायच्या आधी मी आता दोनदा बघते.

६ डिसेंबर

सोसायटीच्या कामाचा भाग एकदाचा पुरा केला. तळमजल्याच्या तीन घरांत न्हाणीघराच्या जाळीवर रात्री पारदर्शक चिकटपट्टी लावली, चिकट बाजू खाली, हवा जायला कडेला फट ठेवून. सकाळी तिन्ही पट्ट्यांना खालून क्लॉग्मिया चिकटलेल्या. म्हणजे त्या नळीतूनच येत होत्या. आतल्या बुळबुळीत थरात त्यांच्या अळ्या वाढतात. खतखड्ड्याच्या सापळ्यात क्लॉग्मिया एकही नव्हती. तिथे फोरिडी, काळ्या सैनिक माशीच्या जाडजूड अळ्या, आणि ड्रॉसोफिला थोड्याच, त्याही वर उघडी फळं पडलेली असतील त्या दिवशी.

तळमजल्यावरच्या काकूंना मी जाळी काढून लांब ब्रशने नळी खरवडून दाखवली. त्या म्हणाल्या, “आम्ही नुसतं फिनेल ओतत होतो गं.” वरून ओतलेलं फिनेल त्या थराच्या आत पोचत नाही, थर घासूनच काढावा लागतो. दर तीन दिवसांनी घासणं ठरलं. खड्डे राहिले. वर सुक्या पाल्याचा थर रोज टाकायचा, हे मात्र आमच्याकडून होत नव्हतं, ते मान्य करून कामाची पाळी लावली.

२१ डिसेंबर

काम इथे थांबवणार होते. पण सासवडहून पुरंदरची अंजिरं आली. दोन जास्त पिकलेली होती, त्यांच्या खालच्या डोळ्याशी, म्हणजे बारीक छिद्राशी, भिंगाने पाहिलं तर बारीक पांढरी अंडी. ड्रॉसोफिलाच्या अंड्याला मी आतापर्यंत दोनच तंतू पाहिले होते, बोटीला वल्ही लावावीत तसे. या अंड्यांना चार.

अंजीर अख्खंच बाटली २३ मध्ये ठेवलं. आईंना उरलेली अंजिरं उघडून बघून खायला सांगितलं.

१७ जानेवारी

थंडीने फार वेळ घेतला. रात्री बोळात पंधरा-सोळा अंश. परातीतली वाळू कोरडी केली, वर घोंगडी टाकली, तरी बाटली २३ ला चार आठवडे लागले. परवा पहिलं चिलट निघालं, आज चौदा आहेत.

भिंगाचीही गरज नव्हती. बाकीच्यांपेक्षा थोराड, तांबूस-तपकिरी, आणि डोक्यापासून पाठीवर सरळ गेलेले रुपेरी पांढरे पट्टे, प्रत्येकाला काळी किनार. झाप्रिओनस इंडियानस. मूळची आफ्रिकेची, पण गुप्ता यांनी १९७० मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून वर्णन केलं म्हणून नाव ‘इंडियानस’. १९९९ मध्ये हीच ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथल्या अंजिराच्या बागांचं मोठं नुकसान झालं.

सवयीने नराचा पुढचा पाय काढून काचपट्टीवर घेतला. फणी नाही. दुसरा घेतला, त्यालाही नाही. झाप्रिओनसच्या नरांना ती नसतेच. मग पायाचा वरचा, जाड भाग पाहिला: आतल्या कडेला काट्यांची रांग, आणि प्रत्येक काट्याच्या बुडाशी एक छोटा फाटा. हाच फाटा तिला जवळच्या काही जातींपासून वेगळं काढतो. पाचही नरांना तो दिसला, आणि माद्यांनाही. म्हणजे हिला मुलग्यांची वाट पाहावी लागली नसती.

पाच नर, पाच माद्या अल्कोहोलमध्ये घातल्या. चिठ्ठी पेन्सिलने: सासवडचं अंजीर, कर्वेनगर, बाटली २३. उरलेल्या चार माद्या नव्या बाटल्यांत एकेकट्या सोडल्या. सर उद्या दुपारी येणार आहेत, तोवर बाटल्यांवर घोंगडी तशीच.